पंधराशे मीटरचा निकाल कुठे गेला?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर जलतरण स्पर्धेची बातमी वाचली, तीन कॉलम होती, फोटो पण छान होता, ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकलेला पोट्टा पाण्यातून अर्धा वर येऊन मूठ दाखवतोय. खाली ५० चे निकाल, १०० चे निकाल, रिलेचे निकाल, प्रमुख पाहुणे कोण, आभार कोणी मानले, सगळं होतं. मी ते पान दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, १५०० मीटरचा निकाल कुठेच नाही. ८०० चा पण नाही. शेवटी "इतर स्पर्धाही उत्साहात पार पडल्या" असं एक वाक्य सापडलं, म्हणजे साठ लेंथ (पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लेंथ) मारणारी पोरं त्या "इतर" मध्ये गेली.

तक्रार एवढीच आहे, पण आता लिहायला बसलोच आहे तर पूर्ण सांगतो. आपण काटछाट कराल हे माहीत आहे.

मी स्वतः स्विमर नाही. आमच्या पिढीला गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून काकानं ढकललं आणि चार हात मारता आले की झालं शिक्षण. मी मोजणारा आहे. माझी मुलगी सात-आठ वर्षं लांब पल्ल्याची फ्रीस्टाइल पोहली, आणि १५०० मध्ये पाण्यात तोंड घातलेल्या पोराला आपली कितवी लेंथ चालू आहे हे लक्षात राहत नाही, म्हणून समोरच्या टोकाला कोणीतरी आकड्याची पाटी धरून बसावं लागतं. मोठ्या स्पर्धांत त्याच्या तयार पाट्या असतात. आमच्याकडे कालनिर्णयच्या मागचा पुठ्ठा होता. मी त्याचे तुकडे कापून मार्करनं १, ३, ५ असे विषम आकडे लिहिले (समोरच्या टोकाला स्विमर विषम लेंथलाच पोचतो ना), वरून चिकटपट्टी मारली आणि दोन भोकं पाडून नाडीत ओवले. शेवटचा ५९ लाल मार्करनं लिहिला. लाल दिसला की आता एकच लेंथ, जीव तोडून मार, असं आमचं ठरलेलं.

२०१० ची गोष्ट. २५ मीटरचा पूल, म्हणजे ६० लेंथ. १५०० नेहमीसारखी सगळ्यात शेवटी ठेवलेली, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, पालक मंडळी बॅगा भरून राहिलेली, एका कोपऱ्यात समोसे वाटप चालू. मी काठावर उकिडवा बसून पुठ्ठा पाण्यात धरून आहे. सदतीस दाखवला, ती वळून गेली, आणि तेवढ्यात मागून एका ओळखीच्या गृहस्थांनी चहाचा कप पुढे केला. मी घेतला. घेतला काय, नुसता खाली ठेवला, पण त्यात पुठ्ठा उलटायचा राह्यला आणि ती परत आली तेव्हा मी पुन्हा सदतीसच दाखवला. तिथून पुढे सगळे आकडे दोननं मागे. शेवटच्या दोन लेंथ उरल्या की ऑफिशियल घंटा वाजवतात, ती तिनं ऐकली पण, पण बाप दाखवतोय सत्तावन्न, तेव्हा घंटा बाजूच्या लेनची असेल असं समजून ती आपली एका लयीत पोहत राह्यली. साठावा टच झाला, टाइमकीपरनं घड्याळ दाबलं, आणि ही बाई वळून परत माझ्याकडे येऊन राहिली! मी समोर लाल ५९ घेऊन बसलेला. तो लाल बघितल्यावर तिनं जो जोर लावला तो मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवसातल्या तिच्या सगळ्यात फास्ट दोन लेंथ त्याच होत्या आणि त्या कुणीच मोजल्या नाहीत.

तिसरी आली. दुसरीपेक्षा चार सेकंद मागे. पाण्यातून बाहेर आली, टोपी काढली, माझ्या बाजूला ठेवलेला कप बघितला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, चहा गोड होता का?" घरी जाईपर्यंत स्कूटरवर मागून आवाज नाही. त्या दिवसापासून पूलवर मी चहा घेत नाही, आजही घेत नाही.

हे सांगायचं कारण असं की ५० मीटर कसं सुरू झालं आणि कसं संपलं हे कोणालाही कळतं, अर्धा मिनिट ओरडायचं आणि टाळ्या. १५०० तसं नाही. त्यात वीस मिनिटं कुठेच काही घडत नाही असं वाटतं आणि सगळं त्याच वीस मिनिटांत घडत असतं. तिचे सर म्हणायचे, पहिले तीनशे झोपेत पोह. पोरं काय करतात, उडी मारली की अंगात वारं, पहिल्या शंभरला बाजूच्याच्या पुढे जातात आणि सहाशेपर्यंत हात शिशासारखे जड. खरा डिस्टन्सवाला प्रत्येक शंभर मीटर एका मापानं टाकतो, सेकंद इकडे की तिकडे, आणि हे माप घड्याळ न बघता अंगात बसलेलं असावं लागतं. पायसुद्धा कमी मारायचे. स्प्रिंटवाला हाताच्या एका चक्रात सहा किक मारतो, लांब पल्ल्याचे कितीतरी जण दोनवर भागवतात, कारण मांडीचे स्नायू मोठे, ते सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. हे सगळं मला काठावर बसून कळलं, बरं का, मी कधी शंभर मीटर एका दमात पोहलो नाही.

आणि शेवट? टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा बॉबी फिंक ८०० आणि १५०० दोन्हीत शेवटच्या ५० मीटरपर्यंत मागे होता आणि दोन्हीत गोल्ड घेऊन गेला. पुढे पॅरिसला २०२४ मध्ये त्यानंच १५०० चा वर्ल्ड रेकॉर्ड केला, १४ मिनिटं ३०.६७ सेकंद. आधीचा रेकॉर्ड चीनच्या सुन यांगचा २०१२ पासूनचा होता, १४:३१.०२. म्हणजे बारा वर्षं अख्खं जग दीड किलोमीटर पोहत राह्यलं आणि कमी झालं ते अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. अजून एक आवडता किस्सा, १९९६ चं अटलांटा, ऑस्ट्रेलियाचा किरेन पर्किन्स, आधीच्या ऑलिम्पिकचा चॅम्पियन, हीटमध्ये, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीत, जेमतेम आठवा येऊन फायनलमध्ये शिरला. आठवी लेन म्हणजे एकदम भिंतीकडची, तिथून मधल्या लेनमधले काय करून राहिले ते नीट दिसत पण नाही. त्याच लेनमधून गोल्ड. आपल्याकडे असतं तर आपल्या वार्ताहरानं हीटनंतरच "पर्किन्सचे आव्हान संपुष्टात" लिहून दिलं असतं. राग मानू नका.

आता मुलीचं सांगतो. ती १९९७ ची. अमेरिकेची लांब पल्ल्याची स्विमर केटी लेडेकी पण १९९७ ची. हा योगायोग आमच्या घरात इतका उगाळला गेलाय की लेडेकी ही कोणी लांबची भाची असल्यासारखी वाटते. २०१२ चं लंडन ऑलिम्पिक, मुलींची ८०० मीटर फायनल आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास होती, आम्ही दोघंच जागे, बायको म्हणे सकाळी क्लास आहे, झोपा. लेडेकी पंधरा वर्षांची, आणि इंग्लंडची रिबेका ॲडलिंग्टन घरच्या लोकांसमोर, तिच्याच नावावर वर्ल्ड रेकॉर्ड. पोट्टी सुरुवातीपासून पुढे गेली ती गेलीच. आम्हाला वाटलं मरणार आता ही, पाचशेनंतर दिसेल. काही दिसलं नाही, चार सेकंदांहून जास्त फरकानं जिंकली, ८:१४.६३, रेकॉर्ड अर्ध्या सेकंदानं राह्यला. माझी मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, काही बोलली नाही. सकाळी सहाला दहावीच्या क्लासला गेली.

कारण त्या वर्षी तिचं पोहणं बंद झालं होतं. आम्हीच बंद केलं, दुसऱ्या कोणाचं नाव कशाला घेऊ. दहावीचं वर्ष आलं की आपल्या शहरात काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, खेळणारी अर्धी पोरं मैदानातून गायब होतात आणि उरलेली अकरावीला, कारण मग जेईई आणि नीट. धावणारा परत येऊन दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी धावतो. लांब पल्ल्याच्या स्विमरला मात्र पाण्याचा अंदाज, म्हणजे ते हाताला पाणी "लागणं" म्हणतात ना, ते आठ दिवसांत उतरायला लागतं. वर्षभरानं ती पाण्यात उतरली तेव्हा म्हणाली की पाणी हातातून निसटून राह्यलंय. तेवढ्यावरून मला कळलं की झालं.

पण दहावीला तरी का दोष द्यावा, त्याच्या आधीच काय मोठं पाणी मिळत होतं! हिशोब सांगतो, मी आयुष्यभर हिशोबाचंच काम केलं. आमच्या पूलवर बॅच ४५ मिनिटांची. त्यातली दहा मिनिटं शॉवर, टोपी, गॉगल आणि आधीची बॅच बाहेर निघण्यात. उरली ३५. लेनमध्ये दहा जण, त्यात चार जण उभं राहून गप्पा मारणारे, एक काका नेमके मधोमध बॅकस्ट्रोक करणारे. या सगळ्यांतून वाट काढत तिचं रोजचं सतराशे मीटर व्हायचं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर दहा किलोमीटर. जगातले मोठे डिस्टन्सवाले आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर टाकतात, सकाळ-संध्याकाळ दोन सेशन. म्हणजे त्यांच्या एका आठवड्याइतकं पोहायला माझ्या मुलीला दीड महिना लागायचा, आणि मग आपण म्हणायचं की आपल्या पोरांत स्टॅमिना नाही.

बरं वर्षभर तरी? दिवाळी झाली की थंडी म्हणून पूल बंद, होळीच्या आसपास उघडणार, उघडला की समर कॅम्प. एप्रिल-मे मध्ये पूलमध्ये पाणी कमी आणि पोरं जास्त, ट्यूबा, बॉल, लेनचे दोर काढून ठेवलेले. आणि ऊन! नागपूरचा मे आपल्याला काय सांगायचा, पारा पंचेचाळीसला टेकलेला, उघड्या पूलचं पाणी संध्याकाळी पाचला आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. ५० मीटरवाल्याला त्यानं फरक पडत नाही, तो आत गेला आणि बाहेर आला. पण वीस मिनिटं सलग पोहणाऱ्याच्या अंगाला पाण्यात पण घाम फुटतो हे किती लोकांना माहीत असेल. स्पर्धेच्या पूलचं पाणी २५ ते २८ डिग्री पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि तो उगाच नाही केलेला. माझी मुलगी मे मध्ये सेट संपवून बाहेर आली की तोंड लालबुंद, डोकं गरगरतंय, आणि मी बाजूला लिंबू-मीठ-साखरेची बाटली घेऊन उभा. त्या पूलचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथले लाइफगार्ड आणि सर लोक चांगले होते, सकाळी पाचला गेट उघडून द्यायचे आणि "पंधरा मिनिटं जास्त पोह, मी बघत नाही" म्हणायचे. माणसं चांगली होती, टाइमटेबल वाईट होतं.

अंबाझरी तलावात का नाही पोहत असं विचारणारे महाभाग पण भेटले. तिथं दरवर्षी माणसं बुडाल्याच्या बातम्या आपणच छापता.

मग एकदा पुण्याला बालेवाडीला जायची वेळ आली. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गेलो, तिकीट आरएसी, एका बर्थवर दोघं, तिचे पाय माझ्या मांडीवर आणि माझं डोकं खिडकीवर आपटत. बालेवाडीचा पूल ५० मीटरचा, २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा जिथं झाली तोच. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ५० मीटरच्या पाण्यात १५०० मारली. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसली आणि म्हणाली, "बाबा, भिंतच येत नव्हती." मला हसू आलं पण खरं होतं ते. २५ मीटरच्या पूलमध्ये १५०० ला ५९ टर्न मिळतात, प्रत्येक टर्नला भिंतीला लाथ मारून पाच-सात मीटर फुकट सरकता येतं, खांद्याला क्षणभर आराम मिळतो. ५० च्या पूलमध्ये टर्न २९ च. म्हणजे तीस वेळा जिथं तिला भिंत मिळायची सवय तिथं नुसतं पाणी. तिथं तिला पुण्या-मुंबई-कोल्हापूरच्या पोरींनी धुतलं, पण ते ठीक आहे, मला राग आला तो परतीच्या गाडीत एका सहप्रवाशाचा. तो म्हणे, नागपूरची मुलगी, समुद्र नाही काही नाही, तुम्ही कशाला पोहायच्या भानगडीत पडता. मी म्हटलं भाऊ, १५०० समुद्रात नाही होत, आणि तुमच्या लोकांना तरी टाकी कुठं समुद्रानं भरून दिली.

मुलींचं तर अजून वेगळंच आहे. पुरुषांची १५०० मीटर ऑलिम्पिकमध्ये १९०८ पासून. मुलींची कधी आली? टोकियोला, २०२१ मध्ये. एकशे तेरा वर्षं! तोवर पूलमध्ये मुलींना ८०० पर्यंतच, का तर म्हणे झेपणार नाही. अहो, गर्ट्रूड एडर्लेनं १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पोहून दाखवली ती आधीच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी वेळात. आपल्या कोलकात्याच्या आरती साहानं १९५९ मध्ये तीच खाडी पार केली, पहिल्या प्रयत्नात अपयश आलं तर महिन्याभरानं परत उतरली आणि सोळा तासांहून जास्त वेळ त्या थंड पाण्यात हात मारत राह्यली, खाडी पोहणारी आशियातली पहिली स्त्री. पुढच्या वर्षी पद्मश्री. सोळा तास झेपतात पण सोळा मिनिटं झेपत नाहीत, हा हिशोब मला तरी लागला नाही. टोकियोला ती पहिली १५०० लेडेकीनंच जिंकली, आणि त्याच सकाळी थोड्या वेळापूर्वी ती २०० मध्ये पाचवी आली होती. माझ्या मुलीनं ऑफिसच्या फोनवर बघितली आणि मला मेसेज केला, "बाबा बघताय ना, पाटी कोण धरतंय बघा."

करिअर म्हणाल तर आता खरं बोलतो. लोक मला विचारायचे, यात पुढे काय? प्रश्न चुकीचा नव्हता. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, सेनादल घेतात, पण त्यासाठी मोठ्या पातळीवरची कामगिरी लागते आणि तिथवर जायला आधी साठ किलोमीटरचा आठवडा लागतो. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंग ऑलिम्पिक पोहला आणि पुढे तहसीलदार झाला, हे उदाहरण मी नातेवाइकांच्या तोंडावर किती वेळा फेकलंय, पण तो स्प्रिंटवाला आणि असे किती. कुशाग्र रावत, अद्वैत पागे, आर्यन नेहरा, ८०० आणि १५०० मध्ये नाव काढलेली ही आपली पोरं, यातलं एक तरी नाव आपल्या वाचकांना ओळखीचं आहे का? मी चार शेजाऱ्यांना विचारलं, चारही जणांनी क्रिकेटमध्ये शोधलं. ज्यांना जमतं ते अमेरिकेत विद्यापीठात जाऊन तयारी करतात कारण तिथं शिक्षण आणि पूल एकाच आवारात मिळतात, पाचला पाण्यात आणि नऊला वर्गात. आपल्याकडे पूल एका टोकाला, कॉलेज हिंगण्याला आणि क्लास धरमपेठेत.

आणि आपल्या नागपुरात पण माणसं आहेत हो. कांचनमाला पांडे, दृष्टी नाही, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करून २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलीचं (चारही प्रकारचे स्ट्रोक एकाच शर्यतीत) गोल्ड घेऊन आली. पाण्यात भिंत दिसत नसताना! तेव्हा मी आणि मुलगी तासभर फोनवर बोलत होतो की टर्नचा अंदाज ती कसा घेत असेल. (अंध स्विमरला भिंत जवळ आली की काठावरून एक जण लांब काठीनं, टोकाला मऊ बोंडूक असतं, हलकेच डोक्यावर किंवा खांद्यावर टप करतो. म्हणजे तिथं पण काठावर एक माणूस लागतोच. त्यानं चहा घेऊन चालत नाही.)

मुलीचं पुढे काय झालं विचाराल. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, दोन वर्षं पाण्याचं नाव नाही. मग एक दिवस फोन आला की मालवणला चिवला बीचवर समुद्रातली स्पर्धा आहे, पाच किलोमीटरला नाव दिलंय. मी घाबरलो, समुद्र म्हणजे पाटी कुठं धरू? तिथं पाटी नसते, नारिंगी फुगे असतात पाण्यात, ते बघत बघत जायचं, दर आठ-दहा हातांनी मान वर काढून. लाटेत फुगा दिसत नाही, तोंडात खारं पाणी, बाजूच्याची लाथ गॉगलवर. मी वाळूत उभा राहून टोप्या मोजायचा प्रयत्न केला आणि तीनदा चुकलो. शेवटी एका टोपीखालून ती निघाली, ओठ खाऱ्या पाण्यानं सुजलेले, काखेत कॉस्ट्यूम घासून रक्त, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. कितवी आली ते विचारू नका, त्या दिवशी मी पण विचारलं नाही. धरमतर ते गेटवे करायचं असं आता डोक्यात आहे तिच्या, ३६ किलोमीटर. तिकडे मुर्शिदाबादला भागीरथी नदीत ८१ किलोमीटरची स्पर्धा होते ती पण नेटवर बघून ठेवली आहे. पुण्याच्याच रोहन मोरेनं २०१८ पर्यंत जगातल्या सातही अवघड खाड्या पोहून काढल्या, त्याचं नाव तर हल्ली जेवताना निघतं. तिची आई म्हणते आधी लग्नाचं बघ. मी मधे बोलत नाही.

लेडेकीनं २०१६ ला रिओमध्ये ८०० चा रेकॉर्ड ८:०४.७९ केला होता. सगळ्यांना वाटलं आता हा कोण मोडणार. तिनंच मोडला, मे २०२५ मध्ये, वय वर्षं २८, ८:०४.१२. नऊ वर्षं रोज पहाटे उठून ६७ शतांश सेकंद. रशियाचा साल्निकोव्ह, १५०० मीटर पंधरा मिनिटांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस, १९८० मध्ये मॉस्कोला गोल्ड, आणि परत १९८८ मध्ये सोलला गोल्ड, तेव्हा तो पण २८ चा आणि लोक त्याला म्हातारा म्हणत होते. हे असलं करिअर पदकांच्या टेबलात दिसत नाही साहेब, ते दिसतं वेळेच्या आकड्यात, या वर्षी काय वेळ आणि मागच्या वर्षी काय. राज्य पातळीवर पाचवी आलेली पोरगी वर्षात चाळीस सेकंदांनी सुधारली असेल तर बातमी ती आहे, पण आपण वेळ छापतच नाही, नुसतं प्रथम, द्वितीय, तृतीय. ५० मीटरमध्ये ठीक आहे. १५०० मध्ये वेळ नसलेला निकाल म्हणजे दूध नसलेला चहा (परत चहाच आला).

तर विनंती एवढीच. पुढच्या स्पर्धेला आपल्या वार्ताहराला शेवटच्या इव्हेंटपर्यंत थांबायला सांगा, समोसे संपले तरी. तो थांबू शकत नसेल तर मला फोन करा, मी रिकामा आहे, निकाल लिहून आणून देतो. नाव, शाळा आणि वेळ, एवढ्या तीन गोष्टी आणि एक ओळ पुरे, फोटो नसला तरी चालेल, १५०० पोहून निघालेल्या माणसाचा फोटो तसाही चांगला येत नाही.

फक्त वेळ टाकताना मिनिटं आणि सेकंद कोणाला तरी तपासायला सांगा. २०११ मध्ये एका पेपरनं (आपला नव्हे) माझ्या मुलीचा निकाल छापला होता, "१५०० मीटर फ्रीस्टाइल, १९.४१ सेकंद". ते कात्रण अजून आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. लेडेकीला पंधरा मिनिटं वीस सेकंद लागतात.

आपला एक जुना वाचक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर